मोटारीची थरथर आणि तिचें निदान

मोटारगाडी ही आतां थोड्या श्रीमंतांची चैन राहिलेली नाहीं. शहरांतील असंख्य मध्यम कुटुंबांच्या दारांत ती उभी असते, आणि घरांतील वृद्ध, मुलें व आजारी माणसें तिच्या भरंवशावर प्रवास करतात. अशा या गाडीला एखाद्या दिवशीं थरथर सुटते. ताशीं ५० किलोमीटरपर्यंत ती निमूट चालते. पुढें वेग वाढला कीं बैठकीखालून, पायांखालच्या पत्र्यांतून किंवा हातांतील स्टिअरिंगमधून एक कंप येऊं लागतो. आणखी वेग वाढला कीं तो कधीं मावळतो, कधीं दुणावतो. गाडी बंद पडत नाहीं, धूर ओकत नाहीं, दिवा लावून सूचनाहि देत नाहीं. त्यामुळें घरधनी प्रथम दुर्लक्ष करतो. आणि घरांतील मंडळींनीं तक्रार केली म्हणजे जो पहिला इलाज सुचेल तो करूं लागतो.

हे इलाज बहुधा एका ठराविक क्रमानें होतात. टायरवाला चाकांचें बॅलन्सिंग करून देतो. तेवढ्यानें गुण आला नाहीं तर इंजिनाखालचीं रबरी माउंटिंगें बदलतात. मग शाफ्टचे क्रॉस, मग क्लच, मग शॉकअब्सॉर्बर. प्रत्येक वेळीं एक भाग बदलला जातो, पैसे जातात, आणि थरथर जिथल्या तिथें राहते. यांत कारागिराचा अप्रामाणिकपणा असतोच असें नाहीं. चूक असते ती क्रमाची. निदानाच्या आधींच औषध सुरू झालेलें असतें. वस्तुतः गाडींतील प्रत्येक फिरणाऱ्या भागाला स्वतःची अशी गति असते, आणि बिघडलेला भाग आपल्याच गतीनें सगळ्या गाडीला हलवितो. ती गति ओळखली, कीं एकहि नट न सोडतां दोषी भाग कोणत्या बाजूला आहे हें पुष्कळसें ठरवितां येतें.

त्यासाठीं प्रथम शक्तीचा मार्ग पाहावा. जुनी जीप, ॲम्बेसेडर किंवा आजचे बहुतेक ट्रक यांत इंजिन पुढें असतें व गाडी ढकलणारीं चाकें मागें असतात. इंजिनाची शक्ति क्लच व गिअरबॉक्स यांतून एका लांब पोकळ लोखंडी नळींत येते. हिलाच प्रॉपेलर शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या मागल्या टोकाला डिफरेन्शियल असतें. तेथें ही गति काटकोनांत वळून दोन्ही चाकांस मिळते. आतां इंजिन व गिअरबॉक्स हे गाडीच्या चौकटीला बांधलेले असतात, तर मागचा आंस पाट्यांवर टांगलेला असल्यामुळें खड्ड्यागणिक वरखालीं होत असतो. एक टोंक स्थिर आणि दुसरें हलतें, अशा स्थितींत शाफ्ट फिरत राहावा म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस वळणारे सांधे बसवावे लागतात. हेच युनिव्हर्सल जॉइंट होत. दोन योक समोरासमोर, आणि त्यांच्यामध्यें अधिक चिन्हासारखा एक पोलादी क्रॉस, अशी त्यांची साधी रचना असते. क्रॉसच्या चारी टोकांवर सुईसारख्या बारीक रोलरांचीं बेअरिंगें असतात.

हा सांधा मोटारीहून फार जुना आहे. सोळाव्या शतकांतील इटालियन पंडित कार्डानो यांच्या नांवावरून युरोपांत त्याला कार्डन सांधा म्हणतात, तर इंग्रजी जगांत सतराव्या शतकांतील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांचें नांव त्याला मिळालें आहे. मोटारीसाठीं योग्य असा बंदिस्त सांधा अमेरिकेंतील क्लॅरेन्स स्पायसर यांनीं तयार केला व १९०३ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. त्यापूर्वीं पुष्कळ मोटारींत चाकांकडे शक्ति नेण्याचें काम उघड्या साखळीकडे असे. आपल्याकडे या सांध्याची ओळख घरोघर झाली ती मुख्यतः जीपमुळें. १९५० पूर्वींच मुंबईंत विलीस जीप जोडण्यास आरंभ झाला होता, आणि पुढें अनेक वर्षें खेडोपाडीं जीप पोंचली.

या सांध्याचा एक स्वभावदोष आहे, आणि तो समजला म्हणजे निम्मे निदान समजलें. दोन दांड्या सरळ रेषेंत असतील तर एकीची गति दुसरीस जशीच्या तशी मिळते. पण त्यांच्यांत कोन पडला, कीं पहिली दांडी एकसारख्या वेगानें फिरत असतांहि दुसरी तशी फिरत नाहीं. ती प्रत्येक फेऱ्यांत दोनदां पुढें धांवते व दोनदां मागें रेंगाळते. पहिल्या दांडीचे मिनिटास १,००० फेरे होत असतील, तर ३ अंशांच्या कोनांत दुसरीचा वेग ९९८.६ पासून १,००१.४ पर्यंत हेलकावतो. हा फरक कोणास जाणवणार नाहीं. १० अंशांत तो ९८५ पासून १,०१५ पर्यंत जातो. २० अंशांत मात्र तो ९४० आणि १,०६४ यांच्यामध्यें झोके खातो, आणि गाडी हादरूं लागते.

यावरचा उपाय मोठा सुंदर आहे. शाफ्टच्या पुढच्या सांध्यानें जी चढउतार निर्माण केली, तीच मागच्या सांध्यानें उलट करून टाकावयाची. त्याला दोन अटी आहेत. पहिली अट अशी कीं, दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असावेत. आणि दुसरी, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकाच पातळींत असावेत. या दोन्ही अटी पाळल्या गेल्या तर डिफरेन्शियलला पुन्हां एकसारखी गति मिळते. सामान्यतः प्रत्येक सांध्याचा कोन ३ अंशांच्या आंत आणि दोहोंतील फरक १ अंशाच्या आंत ठेवावा, असा कारखान्यांचा दंडक आहे. कोन अगदीं शून्य असणेंहि बरें नव्हे; कारण मग बेअरिंगांतील सुया जागच्या हलत नाहींत, ग्रीस पसरत नाहीं, आणि एकाच जागीं दाब पडून क्रॉसवर खांचा उमटतात.

आतां गतीचा हिशेब. चाकाचा परीघ २.२ मीटर आहे आणि शाफ्टचे ४ फेरे झाले म्हणजे चाकाचा १ फेरा होतो, असें धरूं या. ताशीं ८० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते, म्हणजे चाकाचे सेकंदास १० फेरे होतात. शाफ्टचे तेवढ्याच वेळांत ४० होतात. म्हणून एखाद्या चाकाचा तोल गेला असेल तर सेकंदास १० हिसके बसतात. ते ढोबळ असतात आणि पुढच्या चाकाचे असतील तर स्टिअरिंग हलवितात. शाफ्टचा तोल गेला असेल तर ४० कंप होतात. तळव्यांना मुंग्या आल्यासारखें वाटतें. सांध्यांच्या कोनांत बिघाड असेल तर फेऱ्यास दोन या हिशेबानें ८० कंप होतात, आणि ते हातापेक्षां कानांस घुमल्यासारखे अधिक जाणवतात.

येथें एक फसवी जागा आहे. टॉप गिअरमध्यें, म्हणजे गिअरबॉक्समधून गति सरळ जात असतांना, इंजिनाचेहि सेकंदास ४० च फेरे होत असतात. आणि चार सिलिंडरांच्या इंजिनाचे स्फोट फेऱ्यास दोन, म्हणजे सेकंदास ८० होतात. इंजिनाचा दोष आणि शाफ्टचा दोष दोन्ही एकाच सुरांत बोलतात! मग त्यांना वेगळे करावयाचे कसे? त्याचें उत्तर गिअरबॉक्समध्येंच आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर, ज्या वेगाला थरथर येते त्याच वेगानें, पण एक गिअर खालीं घेऊन गाडी चालवावी. गाडीचा वेग तोच राहिल्यानें शाफ्ट व चाकें पूर्वींइतकींच फिरतात. इंजिन मात्र दीडपट किंवा अधिक फिरूं लागतें. थरथर होती तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागें आहे. ती बदलली किंवा नाहींशी झाली तर शोध इंजिन, क्लच व माउंटिंगें यांच्याकडे वळवावा. याहून सोपी परीक्षा म्हणजे गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्यें, इंजिन तेवढ्याच फेऱ्यांवर नेऊन पाहणें. उभ्या गाडींत थरथर आली तर शाफ्टवर आरोप ठेवण्याचें कारण उरत नाहीं. चालत्या गाडीचें इंजिन बंद करून परीक्षा घेण्याचा मोह मात्र कोणीं धरूं नये. तसें केल्यानें ब्रेक व स्टिअरिंग यांस मिळणारी मदत जाते, आणि घाटांत तर तें प्राणावर बेतावयाचें.

दुसरा प्रश्न भाराचा. ॲक्सिलरेटर दाबतांना थरथर वाढते, कीं पाय काढल्यावर वाढते, कीं दोन्ही वेळां सारखीच राहते? तोल गेलेलें चाक किंवा शाफ्ट यांस भाराशीं फारसें कर्तव्य नसतें. त्यांची थरथर केवळ वेगावर अवलंबून असते. उलट पाट्यांवर बसविलेला आंस जोर लागतांच थोडा पिळला जातो आणि डिफरेन्शियलचें तोंड वर उचललें जातें. पाय काढला कीं तें खालीं येतें. सांध्याचा कोन त्याबरोबर बदलतो. म्हणून जोर लावतांना एक व सोडतांना दुसरी अशी वागणूक असणारी थरथर बहुधा कोनांची असते. गाडी सुटतांनाच, ताशीं १० ते ३० किलोमीटरच्या दरम्यान, हुडहुडी भरल्यासारखा कंप आला आणि शाफ्ट दोन तुकड्यांचा असला, तर मधल्या सेंटर बेअरिंगचें रबर फाटलें आहे काय, तें आधीं पाहावें.

एका जीपचें उदाहरण घेऊन हा सगळा विचार जोडून पाहतां येईल. तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या एका गृहस्थानें आपल्या जुन्या जीपला नवे, अधिक उंच पाटे बसविले, अशी कल्पना करावी. त्यानंतर ताशीं ६० किलोमीटरच्या सुमारास घुमणारी थरथर सुरू झाली. चाकांचें बॅलन्सिंग झालें, दोन्ही क्रॉस बदलून झाले, शाफ्ट शहरांत नेऊन यंत्रावर तोलून झाला. गुण नाहीं. शेवटीं एका वयस्क मिस्त्रीनें विचारलें, “साहेब, थरथर सुरू झाली त्याच्या आधीं गाडीवर कोणतें काम झालें होतें?” “पाटे बदलले होते, मिस्त्री. पण ते नवे आहेत.” “आणि जोर सोडला कीं?” “पुष्कळ कमी होते.” “मग मशीन नको, साहेब. कोन मोजूं या.”

गाडी सपाट जागीं, चारी चाकांवर उभी करून कोन मोजला. गिअरबॉक्सचें टोंक मागें ४ अंश उतरतें, शाफ्ट १० अंश उतरतो. म्हणजे पुढच्या सांध्याचा कोन ६ अंश. डिफरेन्शियलचें तोंडहि ४ अंशच वर असावयास हवें होतें, म्हणजे मागला कोनहि ६ झाला असता. परंतु नव्या पाट्यांनीं तें ७ अंश वर उचललें होतें, आणि मागला कोन ३ च राहिला होता. जोर लागतांच तोंड आणखी वर जाऊन हा फरक वाढे, सोडतांच कमी होई. म्हणजे क्रॉस दोषी नव्हते; ते दोष सोसत होते. आणखी दोन जोड्या बदलल्या असत्या तरी त्याहि झिजल्या असत्या. पाटा आणि आंस यांच्यामध्यें ३ अंशांच्या लोखंडी पाचरी घालून तोंड खालीं आणणें एवढाच उपाय होता. जीपसारख्या आखूड व उंच गाडींत ६ अंशांचा कोन नाइलाजानें चालवून घ्यावा लागतो. चालवून घेतां येत नाहीं तो दोन कोनांतील फरक. असाच फरक गिअरबॉक्सखालचें रबरी माउंटिंग बसल्यानें, किंवा गाडींत कायम अधिक ओझें वाहिल्यानेंहि पडतो. कोन मोजतांना आंस जॅकवर लोंबता ठेवूं नये. मग मिळतो तो कोन रस्त्यावरचा नसतो.

दुसऱ्या अटीचा भंग तर दुरुस्तींतूनच होतो. शाफ्टच्या मध्यें एक सरकता भाग असतो. क्रॉस बदलतांना तो बाहेर निघाला आणि परत घालतांना एक खांच पुढेंमागें झाली, तर दोन्ही योक एका पातळींत राहत नाहींत, आणि न थरथरणारी गाडी दुरुस्तीहून थरथरत परत येते. शाफ्ट सोडण्यापूर्वीं दोन्ही तुकड्यांवर, तसेंच मागच्या फ्लँजवर, रंगाची एक खूण केली म्हणजे हा घोटाळा टळतो. या खुणेला खर्च कांहींच नाहीं. ती केली आहे ना, एवढें विचारण्याचा अधिकार मालकालाहि आहे.

तोलाच्या बाबतींत एक आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. शाफ्टच्या मध्यापासून ४ सेंटिमीटरवर केवळ २० ग्रॅम वजन एका बाजूस अधिक असलें, तर सेकंदास ४० फेरे होतांना तें सुमारें ५ किलो वजनाइतक्या ओढीनें शाफ्टला बाहेर खेंचतें. वेग निम्मा केला तर ओढ चौथाई होते. दीडपट केला तर सव्वादोनपट. हे २० ग्रॅम येतात कोठून? पावसाळ्यांत शाफ्टला चिकटून वाळलेला चिखल, दगड लागून पडलेला पोंचा, किंवा कारखान्यांत डकविलेली तोलाची लहान पट्टी गळून पडणें, इतकें पुरेसें असतें. चाकांच्या रिमच्या आंतल्या बाजूसहि असाच चिखल वाळतो. म्हणून यंत्रावर पैसे खर्चण्यापूर्वीं गाडी खालून स्वच्छ धुवावी, हा उपाय क्षुल्लक मानूं नये.

धुऊन झाल्यावर पाहणी करावी. चाकांचे नट सर्वांच्या आधीं तपासावेत; चाक बदलल्यानंतर सुरू झालेली थरथर ही ढिल्या नटांची असूं शकते, आणि तिच्याइतकी धोक्याची दुसरी नाहीं. मग टायरांवर फुगवटा आहे काय, तें हात फिरवून पाहावें. शाफ्टकडे जावयाचें तर इंजिन बंद, चाकांपुढेंमागें दगड किंवा लांकडी ओंडके, गाडी भक्कम स्टँडवर, आणि नुसत्या जॅकच्या आधारानें गाडीखालीं शिरणें नाहीं, हे नियम कोणत्याहि घाईंत मोडूं नयेत. सांध्याच्या दोन्ही अंगांस हात घालून पीळ द्यावा. क्रॉस आणि योक यांच्यामध्यें जराहि हालचाल दिसली तर क्रॉस गेला. अवघा शाफ्ट थोडा फिरून अडतो, ती मोकळीक डिफरेन्शियलच्या दात्यांची असते. तिला सांध्याची झीज समजूं नये. बेअरिंगच्या टोपीभोंवतीं तांबूस भुकटी दिसली तर आंतलें ग्रीस संपून सुया गंजल्या आहेत. हळू चालतांना चिमणीसारखा चिवचिवाट, आणि गिअर घेतांना किंवा पाय सोडतांना ‘टक्’ असा आवाज, हेहि त्याच रोगाचे निरोप होत.

आज शहरांतील बहुसंख्य लहान मोटारींत लांब शाफ्टच नसतो. १९८३ सालीं बाजारांत आलेल्या मारुति ८०० प्रमाणें त्यांत इंजिन व चालक चाकें दोन्ही पुढेंच असतात आणि दोन आंखूड आंसांतून गति चाकांस मिळते. त्यांचे सांधे निराळ्या रचनेचे, एकसारखी गति देणारे असतात. पण निदानाची पद्धत तीच. वळतांना ‘कट् कट्’ असा आवाज आला तर बाहेरचा सांधा झिजला. जोर लावतांना गाडी डावीउजवीकडे अंग हलवूं लागली आणि पाय काढतांच शांत झाली, तर आंतला सांधा पाहावा. तो पुष्कळदां तीन रोलरांचा असतो, म्हणून चाकाच्या फेऱ्यास तीन हिसके देतो. या सांध्यांचा शत्रु म्हणजे फाटलेला रबरी बूट. चीर पडते, ग्रीस उडून जातें, धूळ व पाणी आंत शिरतें. बूट वेळीं बदलला तर सांधा वांचतो.

कंप मोजण्यासाठीं पूर्वीं खास यंत्र लागे. आतां हातांतील फोनमध्यें कंपन ओळखणारा भाग असतो, आणि त्याचा आलेख दाखविणारीं साधनें सहज मिळतात. शेजारीं बसलेल्या माणसानें फोन बैठकीच्या लोखंडावर घट्ट धरावा. चालविणाऱ्यानें त्याकडे पाहूं नये. सेकंदास ८० कंप पकडावयाचे असतील तर फोननें १६० हून अधिक नोंदी घ्यावयास हव्यात, एवढें मात्र आधीं पाहून घ्यावें. मिळालेला आंकडा चाकाच्या फेऱ्यांशीं ताडून पाहिला, कीं १ पट म्हणजे चाक, ४ पट म्हणजे शाफ्ट, ८ पट म्हणजे सांधे, हें उत्तर समोर येतें. प्रत्येक गाडीचें प्रमाण निराळें असतें. तें तिच्या पुस्तिकेंत पाहावें.

हा सारा खटाटोप केवळ सुखासाठीं नाहीं. झिजलेला क्रॉस एक दिवस तुटतो. मागचा सांधा तुटला तर गाडीची चाल जाते. पुढचा तुटला तर शाफ्टचें पुढलें टोंक रस्त्यावर पडून खड्ड्यांत रुतूं शकतें आणि धांवती गाडी उसळते. जुन्या विलीस जीपमध्यें तर हातब्रेक चाकांवर नसून शाफ्टवर असे. शाफ्टबरोबर तोहि जाई. म्हणून एकाएकीं सुरू झालेली, दिवसेंदिवस वाढणारी किंवा ‘टक्’ आवाजासह येणारी थरथर असेल, तर गाडी तपासल्याशिवाय मंडळींना घेऊन प्रवासास निघूं नये. इतर वेळीं एक कागद घ्यावा आणि त्यावर चार ओळी लिहाव्या: कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्यें, जोर लावतांना कीं सोडतांना, आणि त्याच्या आधीं गाडीवर कोणतें काम झालें होतें. हा कागद मिस्त्रीच्या हातीं दिला तर चांगल्या मिस्त्रीचा अर्धा दिवस वांचतो, आणि दुसऱ्या कोणाला अंदाजानें भाग बदलण्याची सवड राहत नाहीं.